दुरुस्ती यंत्राची, घडण मनाची
(युवक-युवतींपुढे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आत्मविश्वास या विषयावर महाराष्ट्रात जितकी व्याख्याने होतात, त्याच्या निम्म्या संख्येनेही घराघरांत स्क्रू-ड्रायव्हर फिरत नाहीत. व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत तरुणांना आरशासमोर उभे करून 'मला जमेल' असे म्हणावयास शिकवितात. शिबिर संपते, मुलगा घरी येतो, आणि घरातील स्टिरिओचा डावा स्पीकर मुका झालेला असतो. शिबिरात 'जमेल' म्हणणारा तोच तरुण त्या पेटीला हात लावावयास धजत नाही. मग मेकॅनिकचा शोध सुरू होतो. मेकॅनिक मिळत नाही; मिळालाच तर 'याचे पार्ट आता येत नाहीत' एवढे सांगून निघून जातो. वीस वर्षे ज्या यंत्राने घराला भूपाळ्या, भावगीते आणि क्रिकेटचे समालोचन ऐकविले, ते यंत्र भंगारवाल्याच्या काट्यावर चढते. बहुधा त्यात एका सुटलेल्या जोडापलीकडे काहीही बिघडलेले नसते.

मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये मांडलेला सिद्धांत या संदर्भात ध्यानात घेण्याजोगा आहे. 'हे काम आपल्या हातून होईल' ही खात्री माणसाच्या मनात कोठून येते, याचे त्यांनी चार स्रोत सांगितले. स्वतः एखादे काम तडीस नेल्याचा अनुभव, आपल्यासारख्या दुसऱ्याला ते करताना पाहणे, इतरांनी दिलेले प्रोत्साहन, आणि त्या वेळची शरीरमनाची अवस्था. या चारांत सर्वांत बळकट स्रोत पहिला, असा त्यांचा निष्कर्ष होता. तोंडी प्रोत्साहन त्या मानाने दुबळे. पहिल्या अपयशाबरोबर ते विरून जाते. व्याख्यानाच्या व्यासपीठावरून हे सांगणे थोडे गैरसोयीचे आहे, परंतु सत्य आहे.

हाताने तडीस नेण्याची कामे पुष्कळ आहेत. त्यांत घरातील ध्वनियंत्रांची दुरुस्ती निवडावी, याला कारण आहे. मोबाइल उघडला तर आत डोळ्यांना धड न दिसणारे भाग असतात. धुलाईयंत्र जड, शीतकपाट गुंतागुंतीचे. जुना टेपरेकॉर्डर किंवा ॲम्प्लिफायर मात्र शिकाऊ माणसाला हवा तसा असतो. भाग मोठे, तारा रंगीत, आणि मुख्य म्हणजे बिघाड कानाला ऐकू येतो. खरखर निराळी, घोंघावणे निराळे, घोगरेपणा निराळा. यंत्र आपले दुखणे स्वतःच्या तोंडाने सांगते. वैद्याला असा रुग्ण क्वचितच लाभतो.

या दृष्टीने एका मुलाची हकीकत पाहण्यासारखी आहे. बंगालमधील क्रांतिकार्यात भाग घेतल्याबद्दल तुरुंगवास भोगलेले ननी गोपाल बोस हे 1920 च्या सुमारास ब्रिटिश सरकारचा ससेमिरा चुकवून कलकत्त्याहून अमेरिकेत गेले. फिलाडेल्फिया येथे त्यांनी संसार थाटला आणि भारतातून माल आयात करण्याचा लहानसा व्यवसाय सुरू केला. 1929 मध्ये त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव अमर. दुसरे महायुद्ध पेटले, जहाज-वाहतूक विस्कळीत झाली आणि वडिलांचा धंदा बसला. त्या वेळी अमर अवघा तेरा वर्षांचा होता. त्याला रेडिओ उघडून पाहण्याचा, खेळण्यातील विजेच्या आगगाड्या दुरुस्त करण्याचा नाद होता. त्या नादाचाच घराला आधार झाला. वडिलांनी दुरुस्तीची कामे मिळवून आणावयाची आणि मुलाने शाळा सांभाळून ती पार पाडावयाची, असा क्रम सुरू झाला. युद्धामुळे तरुण माणसे सैन्यात गेलेली, नवे रेडिओ मिळत नव्हते. त्यामुळे कामाची वाण नव्हती.

पुढे हाच मुलगा मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विख्यात संस्थेत शिकला, तेथेच प्राध्यापक झाला आणि 1964 मध्ये त्याने आपल्या आडनावाची ध्वनियंत्रांची कंपनी काढली. बोस कंपनीचे नाव आज सर्वतोमुखी आहे. परंतु त्या यशापेक्षा 1956 मधील एक लहानशी घटना अधिक बोलकी आहे. संशोधन पूर्ण झाल्याच्या आनंदात अमर बोस यांनी स्वतःसाठी एक उत्तम समजला जाणारा संगीतसंच विकत घेतला. कागदावरील सर्व आकडे पाहून, तांत्रिक गुण जोखून घेतला. घरी आणून लावला, आणि त्यातून येणारे व्हायोलिन खऱ्या व्हायोलिनसारखे वाटेना. सामान्य ग्राहक अशा वेळी स्वतःच्या कानाला दोष देतो. एवढ्या मोठ्या कंपनीचे आकडे खोटे कसे असतील, असे म्हणून गप्प बसतो. बोस यांनी आकड्यांवर संशय घेतला, कानावर नाही. मग ध्वनिशास्त्राचा अभ्यास आरंभिला आणि त्यात आयुष्य वेचले. तेराव्या वर्षापासून शेकडो रेडिओंची पोटे उघडून पाहिलेल्या माणसालाच एवढा निर्भयपणा साधतो, असे मानावयास जागा आहे. 2011 मध्ये त्यांनी कंपनीचे बहुसंख्य भाग आपल्या संस्थेला दान केले. 2013 मध्ये त्यांचे निधन झाले.

जपानचे उदाहरणही याच जातीचे आहे. 1945 मध्ये टोकियो शहर बेचिराख झालेले असताना मासारू इबुका यांनी एका मोठ्या दुकानाच्या इमारतीत खोली घेऊन नादुरुस्त रेडिओ दुरुस्त करण्याचे काम मांडले. पराभूत राष्ट्राला जगाच्या बातम्या ऐकावयाच्या होत्या आणि घरोघरचे रेडिओ मोडलेले होते. त्या खोलीतील कामाला पुढे अकिओ मोरिता येऊन मिळाले, 1946 मध्ये रीतसर कंपनी झाली, आणि तीच आज सोनी म्हणून ओळखली जाते. दुरुस्ती ही निर्मितीची पहिली इयत्ता असते, हे त्या लोकांना कोणी शिकविले नव्हते. परिस्थितीने ते करावयास लावले.

आपल्याकडेही ध्वनियंत्राला घरात मानाचे स्थान होते. 1955 च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीने गीतरामायणाचे प्रसारण सुरू केले. ग. दि. माडगूळकर यांची शब्दरचना आणि सुधीर फडके यांचे संगीत यांनी नटलेली ती 56 गीते ऐकण्यासाठी ज्या घरात रेडिओ असे तेथे आळीतील माणसे जमत. रेडिओसाठी त्या काळी परवाना लागे, त्याचे शुल्क पोस्टात भरावे लागे. अशी वस्तू बिघडली तर टाकून देण्याचा विचार कोणाच्या स्वप्नातही येत नसे. गावात एखादा शाळामास्तर किंवा तारमास्तर असे, तो मागचे पुठ्ठ्याचे झाकण काढून आतील काचेचे व्हॉल्व्ह पाही. आणि भोवती उभी असलेली मुले त्या लालसर उजेडाकडे डोळे विस्फारून बघत. कित्येकांचे अभियांत्रिकीचे शिक्षण तेथेच सुरू झाले. पुढे पुठ्ठ्याचे झाकण जाऊन प्लॅस्टिकचे आले, मग स्क्रू गेले आणि डिंकाने चिकटविलेली पेटी आली. यंत्राचे पोट झाकले गेले, त्याबरोबर मुलांचे कुतूहलही झाकले गेले.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. डावा स्पीकर बंद आहे. काय करावे?

प्रथम काही उघडू नये. बॅलन्सचे बटण कोणीतरी साफसफाई करताना एका बाजूला फिरविलेले नाही ना, हे पाहावे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण दुरुस्तीच्या क्षेत्रात रोज खरी ठरते. त्यानंतर यंत्र बंद करून मागील बाजूच्या स्पीकरच्या तारा अदलाबदल कराव्यात. डाव्याची तार उजवीकडे, उजव्याची डावीकडे. पुन्हा सुरू करावे. आता जर उजवा स्पीकर मुका झाला आणि डावा बोलू लागला, तर स्पीकर आणि त्यांच्या तारा निर्दोष आहेत. दोष पेटीच्या आत किंवा त्याच्याही अलीकडे आहे. उलट डावा मुकाच राहिला, तर पेटी निर्दोष. दोष स्पीकरमध्ये किंवा त्याच्या तारेत. एकही स्क्रू न काढता निम्मे क्षेत्र निकालात निघाले. मग तारा पूर्ववत करून हीच अदलाबदल गाणे जेथून येते त्या जोडतारांची करावी. दोष बाजू बदलतो की जागीच राहतो, एवढेच पाहावयाचे. जागीच राहिला तर तो ॲम्प्लिफायरच्या पोटात आहे, हे सिद्ध झाले.

प्राचीन न्यायशास्त्रात याला अन्वय आणि व्यतिरेक म्हणतात. कारण असेल तेथे कार्य असते. कारण काढून घेतले की कार्य उरत नाही. पर्वतावरील धुरावरून अग्नीचे अनुमान करण्याचे उदाहरण संस्कृतच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. (विजेच्या यंत्रात मात्र धूर दिसेपर्यंत अनुमानासाठी थांबू नये.) ग्रंथात वाचलेले हे तर्कशास्त्र दोन तारांच्या अदलाबदलीत हाताला लागते, तेव्हा त्याचा आनंद काही वेगळाच असतो.

भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी आपल्या आठवणींत लहानपणचा एक प्रसंग सांगितला आहे. मंदीच्या काळात ते शेजाऱ्यापाजाऱ्यांचे रेडिओ दुरुस्त करीत. एका गृहस्थाचा रेडिओ सुरू करताच प्रचंड गोंगाट करी आणि थोड्या वेळाने शांत होई. मुलगा हत्यारे बाजूला ठेवून खोलीत येरझाऱ्या घालीत विचार करू लागला. घरमालक वैतागला, हा पोर काम करावयाचे सोडून फिरतो काय? मुलाच्या मनात आले की व्हॉल्व्ह तापण्याचा क्रम चुकत असावा. त्याने व्हॉल्व्हच्या जागा बदलून पाहिल्या आणि गोंगाट थांबला. विचार करून रेडिओ दुरुस्त होतो, याचे त्या गृहस्थाला एवढे आश्चर्य वाटले की तो पुढे त्या मुलाची स्तुती करीत फिरला.

पुन्हा आपल्या डाव्या बाजूकडे येऊ. पेटी उघडल्यावर नवख्या माणसाची छाती दडपते. एवढे भाग, एवढ्या तारा! येथे स्टिरिओची एक मोठी सोय कामी येते. त्यात दोन सारख्याच जुळ्या यंत्रणा शेजारी शेजारी बसविलेल्या असतात. एक डाव्या आवाजाची, एक उजव्याची. त्यांतील एक चालू आहे. चालणारी बाजू हेच न चालणाऱ्या बाजूचे पाठ्यपुस्तक. कोणता भाग कसा दिसावयास हवा, हे उजवीकडे पाहावे. डावीकडे तसा दिसतो का, हे पडताळावे. एखादा कंडेन्सर वरून फुगला आहे, एखादा रेझिस्टर काळवंडला आहे, सॉकेटच्या पायाशी सोल्डरला केसाएवढी वर्तुळाकार चीर गेली आहे. या चिरेलाच कारागीर 'ड्राय सोल्डर' म्हणतात. वर्षानुवर्षे तापणे आणि थंड होणे, तार खेचली जाणे, यांनी जोड सैल होतो. टेपवर थाप मारली की तो सुरू होतो हा अनुभव घरोघरचा. तो चमत्कार नसून निदान आहे. थापेने सैल जोड क्षणभर टेकतो. मल्टिमीटर असेल तर यंत्राची वीज तोडून, आतील साठलेली वीज उतरवून, दोन्ही बाजूंचे तेच तेच बिंदू मोजावेत. शंभर बिंदू सारखे येतात आणि एक वेगळा येतो. तो वेगळा बिंदू सापडण्याचा क्षण ज्याने अनुभवला, त्याला आत्मविश्वास म्हणजे काय हे सांगावे लागत नाही.

जोड पक्का करणे हे त्यानंतरचे काम, आणि ते तुलनेने सोपे. जुन्या पिढीच्या भाषेत 'डाग देणे'. 25 वॅटची सोल्डरिंग आयर्न, कथील-शिशाची बारीक तार आणि थोडा धीर एवढ्यावर ते भागते. आयर्नने आधी जोड तापवावा आणि सोल्डर त्या जोडाला लावावा. नवखा माणूस आयर्नच्या टोकावर सोल्डरचा थेंब घेऊन तो थंड जोडावर थापतो. असा थेंब वर चिकटलेला दिसतो, आत धरत नाही. पहिले दहा जोड कुरूप होतात. ते एखाद्या टाकाऊ पाटीवर करावेत, घरच्या ॲम्प्लिफायरवर नव्हे. विसाव्या जोडापासून चकाकी येऊ लागते.

घोंघावण्याचे निदानही असेच मनोरंजक आहे. स्पीकरमधून अखंड 'घों' ऐकू येते. व्हॉल्यूम शून्यावर न्यावा. 'घों' नाहीसे झाले, तर ते व्हॉल्यूम कंट्रोलच्या अलीकडून, बहुधा गाणे आणणाऱ्या तारेच्या तुटलेल्या जाळीतून येत आहे. तसेच राहिले, तर संशय वीजपुरवठ्याच्या भागावर घ्यावा. तेथे मोठे नळकांड्यासारखे कंडेन्सर असतात. घरातील वीज सेकंदाला 50 आवर्तने करते. तिची एकाच दिशेची वीज बनविताना सेकंदाला 100 लाटा उरतात, आणि त्या सपाट करणे हे या कंडेन्सरचे काम. आतील द्रव वर्षांनी सुकला की लाटा तशाच पुढे जातात आणि स्पीकर त्या इमानाने ऐकवितो. नवा कंडेन्सर आणताना मायक्रोफॅरडचा आकडा तोच असावा, व्होल्टचा आकडा तेवढाच किंवा अधिक असावा, आणि बसविताना अधिक-उण्याची बाजू चुकवू नये. चुकल्यास तो फुटतो, आणि कानठळ्या बसतील असा फुटतो.

व्हॉल्यूम फिरविताना होणारी खरखर ही तर सर्वांत साधी तक्रार. आतील कार्बनच्या पट्टीवर धूळ आणि काजळी साठते. वीज तोडून कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आत मारावा, बटण वीस-पंचवीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावे, वाळू द्यावे. दहा मिनिटांचे काम. याच कामासाठी 'कंट्रोलच बदलावा लागेल' असे ऐकून कित्येकांनी संच मोडीत काढले आहेत.

येथे थांबून धोक्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे, कारण आत्मविश्वास आणि आडदांडपणा यांतील सीमारेषा विजेच्या कामात जिवावर बेतू शकते. भिंतीतील वीज 230 व्होल्टची असते. बटण बंद करणे पुरेसे नाही, पिन सॉकेटमधून काढून ठेवावी आणि ती डोळ्यांसमोर असावी. पिन काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते. ती स्क्रू-ड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडून नव्हे, योग्य रेझिस्टर लावून उतरवावी आणि मीटरवर शून्य पाहिल्यावरच हात घालावा. व्हॉल्व्हच्या जुन्या रेडिओत आत अडीचशे-तीनशे व्होल्ट खेळत असतात. तो शिकाऊ माणसाचा विषय नाही. जुना दूरदर्शन संच आणि मायक्रोवेव्ह यांच्या पोटात हात घालण्याचा विचारही करू नये. आजच्या ब्लूटूथ स्पीकरमध्ये लिथियमची बॅटरी असते. ती फुगली असेल तर टोचू नये, दाबू नये. आणि एकट्याने घरात कोणी नसताना हे काम करू नये.

जाणते कारागीर दुरुस्त केलेले यंत्र कधीच थेट विजेवर लावीत नाहीत. त्यांच्याकडे 'सिरीज बोर्ड' असतो. साधा पिवळ्या प्रकाशाचा तारेचा बल्ब यंत्राच्या मार्गात ओळीने जोडलेला. यंत्रात कोठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि यंत्र वाचते. सारे ठीक असेल तर क्षणभर उजळून मंद होतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, किंवा पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीच्या परिसरात वर्षानुवर्षे काम करणाऱ्या कारागिरांकडून अशा शंभर युक्त्या शिकता येतात. सुटे भाग घेण्याच्या निमित्ताने त्या दुकानांत जावे आणि अदबीने विचारावे. तेथील अनेकांनी महाविद्यालयाचे तोंड पाहिलेले नसते, परंतु बिघाड ऐकून भागाचे नाव सांगतात. हाताने काम करणारा तो खालचा आणि कागदावर काम करणारा तो वरचा, ही आपल्या समाजात मुरलेली समजूत किती पोकळ आहे, हे त्या दुकानाच्या फळीसमोर पाच मिनिटे उभे राहिले की कळते. पदवीधर अभियंत्याला आपल्या घरचा फ्यूज बदलता येत नाही आणि त्याची त्याला लाज वाटत नाही, ही श्रमप्रतिष्ठेच्या अभावाची खूण आहे.

याच समजुतीची दुसरी बाजू मुलींच्या वाट्याला येते. घरात भाऊ रेडिओ उघडून बसला तर त्याचे कौतुक होते. बहिणीने तेच केले तर 'हात भाजून घेशील' म्हणून तिला उठविले जाते. वास्तविक भरतकामात आणि रांगोळीत बारकाव्याची जी सवय बोटांना लागते, ती सोल्डरिंगला उपयोगी पडते. ज्या मुलीने वयाच्या चौदाव्या वर्षी ॲम्प्लिफायरमधील चीर शोधून बुजविली, तिला पुढे दुकानदार, कंत्राटदार किंवा वरिष्ठ अधिकारी सहजासहजी बनवू शकत नाही. 'अमुक का?' असे विचारण्याची तिला सवय झालेली असते.

दुरुस्तीतून लाभणारा विश्वास हा आणखी एका कारणाने वेगळा असतो. यंत्र तोंडपूजेपणा करीत नाही. परीक्षेत कृपागुण मिळतात, स्पर्धेत परीक्षक ओळखीचा निघतो, घरचे लोक प्रेमाने वाहवा करतात. स्पीकर मात्र जोड पक्का नसेल तर बोलणार नाही. मग दुरुस्ती करणारा कोणाचा मुलगा आहे, कोणत्या आळीत राहतो, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. आणि जोड पक्का असेल तर तो बोलेल. कोणी नाही म्हणू शकत नाही. अपयश आले तरी त्याला अपमानाची धार नसते. चूक कोठे झाली ते शोधावे, पुन्हा करावे. कित्येकदा पहिल्या प्रयत्नात डावी बाजू सुरू होते आणि हाताच्या धक्क्याने उजवी बंद पडते. तरीही जाणकाराला त्यात वाईट वाटत नाही, कारण मघाशी जो मार्ग सापडला तोच आता उजवीकडे चालावयाचा असतो.

आजची यंत्रे उघडू नयेत अशाच बेताने बनविली जातात, हा आक्षेप खरा आहे. चिकटविलेली आवरणे, विशिष्ट हत्याराशिवाय न निघणारे स्क्रू, सुटे भाग न विकण्याचे धोरण. याविरुद्ध जगभर ग्राहक आवाज उठवीत आहेत. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने 24 डिसेंबर 2022 रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, 'दुरुस्तीचा हक्क' या विषयाचे संकेतस्थळ सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ उपकरणे आणि वाहने अशी क्षेत्रे त्यासाठी निवडण्यात आली. हे स्वागतार्हच आहे. परंतु हक्क मिळूनही तो बजावणारे हात नसतील, तर सेवाकेंद्राच्या रांगेत एक माणूस वाढेल, इतकेच.

ज्यांना आरंभ कोठून करावा असा प्रश्न पडेल, त्यांनी माळ्यावरचा टू-इन-वन खाली काढावा. तो कित्येक घरांत असतो. बॅटरीवर चालत असल्याने त्यात भिंतीतील विजेचे भय नाही. पिन लावू नये, सेल घालूनच काम करावे. जुने सेल आत विसरले असतील तर ते पाझरून पत्र्यांवर पांढरे-हिरवे किटण चढलेले असते. ते पॉलिश पेपरने हळुवार घासून चकचकीत करावे. मोटर फिरते पण कॅसेट फिरत नाही, असे झाले तर रबरी पट्टा पाहावा. वीस-तीस वर्षांत तो सैल होतो किंवा डांबरासारखा वितळून चाकांना चिकटतो. ते डांबर स्पिरिटच्या बोळ्याने पुसून त्याच मापाचा नवा पट्टा चढवावा. बाजारात तो किरकोळ किमतीत मिळतो. पट्टा थोडा सैल असेल तर गाणे हळू आणि घोगरे ऐकू येते. कॅसेटमधील फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या ठरलेल्या वेगाने सरकावी लागते, तेवढाच तिचा हिशेब. आवाज गोधडीखालून आल्यासारखा वाटला तर फीत जिच्यावरून सरकते त्या हेडवर तपकिरी थर बसलेला असणार. तोही बोळ्याने पुसावा.

आणि पट्टा बदलून झाल्यावर पहिल्याच झटक्यात मोलाची कॅसेट घालू नये. अनेक घरांत आजोबांच्या आवाजातील कीर्तन, आजीच्या जात्यावरच्या ओव्या, लग्नातील मंगलाष्टके, परदेशी गेलेल्या मुलासाठी आईने बोलून पाठविलेला खुशालीचा निरोप अशा एकुलत्या एक फिती पडून आहेत. प्रथम टाकाऊ कॅसेट पूर्ण वाजवून पाहावी. फीत गुंडाळली जात नाही, वेग बदलत नाही, याची खात्री करावी. नंतर मोलाची फीत एकदा पुढे व एकदा मागे सबंध फिरवून सैल करावी, कारण वर्षानुवर्षे एकाच स्थितीत राहून तिचे थर एकमेकांना धरतात. तरीही आवाज दबलेला वाटला तर हेडच्या शेजारी एक लहान स्क्रू असतो. कॅसेट चालू ठेवून तो अगदी थोडा, पाव फेऱ्याहूनही कमी, इकडे तिकडे फिरवावा. एका ठिकाणी 'स' आणि 'श' ही अक्षरे एकदम स्वच्छ ऐकू येतात. तेथे हात थांबवावा, आणि त्याच बैठकीत कानात घालावयाच्या बोंडाच्या सॉकेटमधून तार घेऊन ती फीत संगणकावर उतरवून ठेवावी.